ओबामाकेअरने हप्ता वाढवला की कमी केला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत येऊन तुम्हाला तीन वर्षं झाली. परवा ऑफिसात जेवताना दोन सहकाऱ्यांचं आरोग्यविम्यावरून कडाक्याचं वाजलं. एकाचं म्हणणं, ओबामाकेअरमुळे, म्हणजे बराक ओबामांच्या काळातल्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यामुळे, त्याच्या भावाचा हप्ता दुप्पट झाला. दुसरीचं म्हणणं, त्याच कायद्यामुळे तिच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा परवडेल असा विमा मिळाला. दोघांनीही फोनवर आकडे काढून दाखवले. मग खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. भाऊ किती वर्षांचा, कमावतो किती, राहतो कुठल्या राज्यात आणि २०१३ पर्यंत त्याला काही आजार होता की नाही, एवढं कळलं तर त्याचा हप्ता किती वाढला असेल ते मी न पाहता सांगेन. आईचंही तेच.

मी ॲक्च्युअरी आहे. नोकरीतून विमा न मिळणारे लोक स्वतः जो विमा विकत घेतात त्याचे दर ठरवणं, हे माझं वीस वर्षांचं काम. दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षीचे दर कागदपत्रांसह राज्याच्या विमा खात्याकडे द्यायचे, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि शरद ऋतूत लोकांच्या शिव्या खायच्या. त्यामुळे खाली जे लिहितोय ते एका बाजूला बसलेल्या माणसाचं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

आधी दोन माणसांचा हिशेब मांडू. एक २१ वर्षांचा, दुसरा ६४ वर्षांचा. समजा तरुणाच्या औषधपाण्याचा खरा खर्च महिन्याला सरासरी २०० डॉलर आहे आणि ज्येष्ठाचा १,०००. हे आकडे सोयीसाठी घेतलेत, पण एकाला पाच हे प्रमाण वास्तवाच्या जवळ आहे. दोघांचे मिळून १,२००. जुन्या पद्धतीत प्रत्येकाला आपापला खर्च भरावा लागे. २०१४ पासून नियम आला की सर्वांत वयस्कर प्रौढाला सर्वांत तरुण प्रौढाच्या तिपटीहून जास्त दर लावता येणार नाही. एकूण रक्कम तीच, १,२००. तिनास एकने वाटली की तरुणाला ३०० आणि ज्येष्ठाला ९००.

आता हे आकडे टक्क्यांत वाचा. तरुणाचा हप्ता ५० टक्क्यांनी वाढला, ज्येष्ठाचा १० टक्क्यांनी उतरला. डॉलरमध्ये दोघांचा फरक सारखाच, शंभर. पण बातमी कोणाची होणार? ५० टक्के वाढ ठळक अक्षरांत छापून येते, १० टक्के सूट दिल्याबद्दल कोणी मोर्चा काढत नाही. आणि अजून तर एकही डॉलर महागाई झालेली नाही, एकही रुग्ण वाढलेला नाही. फक्त वाटणी बदलली आहे.

चिडून तरुणाने पॉलिसी सोडली तर? ज्येष्ठाचा खर्च १,००० आणि त्याच्याकडून येतात ९००. पुढच्या वर्षी मला दर १,००० करावा लागतो, आणि तिनास एकच्या नियमाने पुढच्या तरुणाला मी ३३३ सांगतो. तोही निघून जातो. आमच्या धंद्यात याला डेथ स्पायरल म्हणतात.

तो जाऊ नये म्हणून कायद्यात विमा न घेणाऱ्याला दंड होता. २०१४ मध्ये ९५ डॉलर किंवा करविवरण भरण्याच्या मर्यादेवरच्या उत्पन्नाचा १ टक्का, यांतलं जे जास्त असेल ते. २०१६ मध्ये ६९५ डॉलर किंवा अडीच टक्के. वर्षाला ५० हजार डॉलर कमावणाऱ्या एकट्या माणसाला तो हजाराच्या आतच पडायचा. समोर ३,६०० डॉलरचा हप्ता आणि अंगात तिशीच्या आतली मस्ती असताना दंड भरणं हाच शहाणपणाचा व्यवहार वाटला, तर त्या पोराला मी मूर्ख म्हणणार नाही. आणि गंमत बघा, अख्ख्या कायद्यात लोकांना सर्वांत नावडती गोष्ट कुठली, तर हा नखं काढलेला दंड.

हे झालं वयाचं. खरा झगडा आजाऱ्यांचा आहे.

२०१४ च्या आधी बहुतेक राज्यांत वैयक्तिक विम्याचा अर्ज म्हणजे प्रश्नपत्रिका असायची. मागच्या दहा वर्षांत दम्याचं औषध घेतलं का, पाठीचं ऑपरेशन झालं का, गरोदर आहात का. उत्तरं पाहून अंडररायटर तीनपैकी एक शिक्का मारायचा: घ्या, जास्त दराने घ्या, किंवा नको. इन्सुलिनवरचा मधुमेही म्हणजे बहुधा नको. गरोदर बाई म्हणजे नक्की नको. बाईला नुसतं बाई म्हणूनही बऱ्याच राज्यांत जास्त दर लागायचा, आणि तरी पॉलिसीत बाळंतपण बहुधा नसायचंच. मी त्या चाळणीतून खाली पडलेल्यांचेच दर काढायचो, आणि ते दर छान स्वस्त असायचे. न असून सांगतात कोणाला? खर्च करणारी माणसं दाराबाहेर उभी होती. कुठल्याही वर्षी देशातल्या सर्वांत आजारी ५ टक्के लोकांवर एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आसपास रक्कम जाते. तेवढे बाहेर ठेवता आले की दर निम्मा करायला ॲक्च्युअरी लागत नाही, दारवान पुरतो.

म्हणून कोणी विचारलं की कायद्याने हप्ता वाढला की नाही, तर मी आधी विचारतो, कशाच्या तुलनेत? तुमच्या सहकाऱ्याच्या भावाला २०१३ मध्ये मिळणारा दर खराच होता. पण त्याच दिवशी, त्याच गावात, त्याच्याच वयाच्या मधुमेह्यासाठी दर नव्हताच. नसलेल्या आकड्याची सरासरी निघत नाही, त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर'च्या तक्त्यात तो मधुमेही 'आधी'च्या रकान्यात दिसत नाही.

याची उलटी बाजू न्यूयॉर्कमध्ये दिसली. तिथे १९९३ पासूनच नियम होता की आजारी असो वा धडधाकट, म्हातारा असो वा तरुण, सगळ्यांना विमा द्यायचा आणि एकाच दराने द्यायचा. विमा घ्यायलाच हवा अशी सक्ती मात्र नव्हती, आणि मदतीला अनुदानही नव्हतं. परिणाम व्हायचा तो झाला. धडधाकट माणसं निघून गेली, उरलेल्यांचा दर आभाळाला भिडला. २०१४ मध्ये सक्ती आणि अनुदान आल्यावर तिथले वैयक्तिक दर निम्म्यावर आले. एकच कायदा, एकच वर्ष. चाळणी लावणाऱ्या राज्यांत दर चढला, चाळणी नसलेल्या न्यूयॉर्कमध्ये कोसळला. म्हणून मी राज्य विचारलं.

वॉशिंग्टन राज्याची गोष्ट आमच्याकडे नव्या पोरांना मुद्दाम सांगितली जाते. १९९३ मध्ये त्यांनी पूर्ण सुधारणा मंजूर केली: सगळ्यांना विमा द्या आणि सगळ्यांनी विमा घ्या. १९९५ मध्ये नव्या विधिमंडळाने त्यातला नावडता अर्धा भाग, म्हणजे घेण्याची सक्ती, काढून टाकला आणि लोकप्रिय अर्धा ठेवला. १९९९ संपता संपता राज्याच्या जवळजवळ सगळ्या कौंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, नवी वैयक्तिक पॉलिसी कुठल्याही किमतीला मिळेनाशी झाली. कंपन्यांनी विकणंच बंद केलं.

आता २०१३ ची पत्रं. त्या शरद ऋतूत लाखो लोकांच्या दारात पत्र आलं की तुमची पॉलिसी नव्या नियमांत बसत नाही, म्हणून बंद होतेय. बराक ओबामांनी मात्र वारंवार सांगितलं होतं, तुमची पॉलिसी आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील. हे वाक्य चुकीचं होतं. दर काढणाऱ्या कोणालाही ते चुकीचं आहे हे आधीपासून दिसत होतं, कारण बाळंतपण, मानसिक उपचार, औषधं असे दहा प्रकारचे लाभ सक्तीचे केल्यावर त्यांच्याशिवायची पॉलिसी टिकणार कशी? 'मला पुरुषाला बाळंतपणाचा विमा कशाला?' हा त्या वेळचा लाडका सवाल. त्याचं तांत्रिक उत्तर सोपं आहे: बाळंतपणाचा खर्च फक्त मूल हवं असणाऱ्या बायकांत वाटला तर तो विमा राहत नाही, ते हप्त्याने भरलेलं बिल होतं. पण हे उत्तर कायदा करताना उघडपणे द्यायला हवं होतं. 'तुमची पॉलिसी जाईल, जास्त महाग पण जास्त भरीव पॉलिसी येईल, आणि तुमच्या पैशातला थोडा भाग दुसऱ्याच्या उपचाराला जाईल' असं म्हणून मतं मागायची हिंमत झाली नाही. त्याची किंमत कायद्याने पुढची दहा वर्षं मोजली.

२०१३ च्या वसंतात आम्ही २०१४ चे पहिले दर काढायला बसलो तेव्हा हातात काय होतं? येणारे लोक किती आजारी असतील याची काडीची माहिती नाही. वर्षानुवर्षं गुडघा दुखत असूनही विम्याअभावी थांबलेला माणूस जानेवारीत कार्ड मिळाल्यावर फेब्रुवारीत ऑपरेशनला जाणार हे कळत होतं. असे किती, हे कळत नव्हतं. बऱ्याच कंपन्यांनी ग्राहक मिळवायला दर कमी लावले. शिवाय सरकारने हमी दिली होती की पहिली तीन वर्षं अंदाज फार चुकला तर नुकसानीचा वाटा आम्ही उचलू. मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, खर्चाच्या विधेयकात कलम घालून त्या हमीचा नळ आवळला, आणि २०१४ च्या नुकसानीपोटी कंपन्यांना मागितलेल्या रकमेच्या १२.६ टक्के मिळाले. या कायद्याखाली निघालेल्या छोट्या सहकारी विमा संस्थांपैकी बहुतेक त्या धक्क्यात बुडाल्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की सरकारने हे पैसे, सुमारे १२ अब्ज डॉलर, द्यायलाच हवेत. वराती मागून घोडं. बुडालेल्या संस्थांचे ग्राहक तोवर केव्हाच दुसरीकडे गेले होते.

२०१६ आणि २०१७ मध्ये दरांनी जी उसळी मारली ती काही अंशी ही जुनी चूक दुरुस्त करणारी होती. सरकारच्याच मे २०१७ च्या अहवालात आहे: केंद्राच्या संकेतस्थळावरून विमा विकणाऱ्या राज्यांत वैयक्तिक विम्याचा सरासरी मासिक हप्ता २०१३ मध्ये २३२ डॉलर होता, २०१७ मध्ये ४७६. तुमच्या सहकाऱ्याने फोनवर दाखवला तो बहुधा हाच आकडा. खरा आहे. त्यात चाळणीबाहेरचे मधुमेही नंतर आत आलेत, लाभ वाढलेत आणि अनुदान वजा केलेलं नाही, हे त्या आकड्याखाली लिहिलेलं नसतं.

अनुदानाची रचना समजल्याशिवाय तुमच्या सहकारणीची आई समजणार नाही. अनुदान असं ठरतं: तुमच्या भागातली सिल्व्हर, म्हणजे मधल्या दर्जाची, दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त पॉलिसी घ्यायची, तुमच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का तुम्ही भरायचा, वरचं सगळं सरकार भरणार. म्हणजे दर वाढला तरी अनुदान असलेल्याचा हप्ता हलत नाही; वाढ सरकार पिऊन टाकतं. अनुदान नसलेल्याच्या अंगावर मात्र ती सगळीच्या सगळी येते. एकाच पॉलिसीचे दोन शेजारी ग्राहक, एकाला वाढ जाणवतही नाही आणि दुसऱ्याचं घराचं अंदाजपत्रक कोलमडतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे.

यातूनच २०१७ चा तो विचित्र प्रकार घडला. कमी उत्पन्नाच्या ग्राहकांचा डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम, कंपन्यांनी कमी ठेवायचा आणि त्याची भरपाई सरकारने करायची, अशी तरतूद होती. त्या ऑक्टोबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने ही भरपाई थांबवली. हेतू बाजार हलवण्याचा असेल, पण बहुतेक राज्यांच्या विमा खात्यांनी आम्हाला सांगितलं की तुटलेली रक्कम फक्त सिल्व्हरच्या दरात घाला. सिल्व्हर महागलं, त्यामुळे सिल्व्हरवरून मोजलं जाणारं अनुदान फुगलं, आणि ते अनुदान खालच्या दर्जाच्या ब्राँझला लावलं की असंख्य लोकांचा हप्ता शून्य डॉलर झाला. कायदा मोडायला घेतलेल्या हातोड्याने गरिबांना फुकट विमा मिळाला आणि सरकारचा खर्च वाढला. २०१९ पासून दंडही शून्य झाला. बाजार कोसळणार असं भाकीत आमच्यापैकी बऱ्याच जणांनी केलं होतं, त्यात मीही होतो. कोसळला नाही. लोकांना धरून ठेवणारी गोष्ट दंड नव्हती, अनुदान होती. माझ्या कामातली ही सर्वांत मोठी चूक, आणि ती कबूल करायला मला काही वाटत नाही.

आता अगदी ताजं. मूळ कायद्यात अनुदान दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांवर एकदम तुटायचं. २०२१ मध्ये ती कडा काढली आणि कोणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरावं लागणार नाही असं ठरलं. सवलत २०२५ अखेरपर्यंतचीच होती. तेवढ्या काळात या बाजारातले ग्राहक १ कोटी २० लाखांवरून २ कोटी ४० लाखांवर गेले. ती वाढवायची की नाही यावरून १ ऑक्टोबर २०२५ ला सरकार ठप्प झालं आणि ४३ दिवस ठप्प राहिलं. सवलत वाढली नाही, वर्षाअखेर संपली, आणि ४०० टक्क्यांची ती कडा परत आली.

त्या कडेला उभ्या माणसाचं काय होतं ते बघा. साठ वर्षांची एकटी बाई, छोटा व्यवसाय. तिच्या भागातली ती सिल्व्हर पॉलिसी महिना १,१०० डॉलरची धरू, म्हणजे वर्षाला १३,२००. एकट्या माणसासाठी २०२६ ची सीमा ६२,६०० डॉलर. तिचं उत्पन्न ६२,००० असेल तर ती ९.९६ टक्के भरते, सुमारे ६,१७५ डॉलर. ६३,००० असेल तर पूर्ण १३,२००. हजार डॉलर जास्त कमावले म्हणून सात हजारांचा भुर्दंड. आदल्या वर्षीच्या नियमाने ६३,००० वर तिला ५,३५५ पुरले असते. (अशा लोकांना जाणकार सांगतात की पारंपरिक आयआरए खात्यात पैसे टाकून करपात्र उत्पन्न सीमेखाली आणा. सल्ला बरोबर आहे. पण विमा परवडावा म्हणून निवृत्तीच्या खात्याची कसरत करायला लावणारी व्यवस्था मला बरी वाटत नाही.)

विरोधकांचं म्हणणंही पोकळ नाही. सवलत कायम केली असती तर दहा वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर लागले असते असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता. हे पैसे थेट विमा कंपन्यांकडे जातात. शून्य हप्त्याच्या पॉलिसीत काही दलालांनी माणसांना न विचारता भरती केली, हेही घडलेलं आहे. आणि मूळ तक्रार अशी की अनुदान हप्त्याला लागतं, खर्चाला नाही. आग विझत नाही, धूर फक्त दुसऱ्या खिडकीतून बाहेर काढला जातो. त्या वाक्यावर मला टाळी द्यावीशी वाटते, पण 'मग साठीच्या त्या बाईने काय करायचं?' हे विचारल्यावर त्या बाजूला शांतता पसरते.

लोक इतके का चिडतात, याचं सर्वांत चांगलं उदाहरण ओबामांच्या वीस वर्षं आधीचं आहे, आणि ते दोन्ही बाजू विसरल्या आहेत. १९८८ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी मेडिकेअरसाठी, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यासाठी, एका कायद्यावर सही केली: मोठ्या आजारात खिशातून जाणाऱ्या खर्चाला मर्यादा, शिवाय औषधांचा खर्च. दोन्ही पक्षांचा पाठिंबा. पैसा मात्र ज्येष्ठांनीच द्यायचा होता, सधन ज्येष्ठांनी १९८९ साठी माणशी ८०० डॉलरपर्यंत जादा कर. त्या सधनांपैकी अनेकांना जुन्या नोकरीतून असे लाभ आधीच मिळत होते. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत ज्येष्ठांच्या जमावाने खासदार डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी अडवली, आणि सभागृहाच्या अर्थसमितीचा हा दणकट अध्यक्ष गाडीतून उतरून चक्क पळत सुटला. वर्ष संपायच्या आत कायदा जवळपास पूर्ण रद्द झाला. गरीब म्हाताऱ्यांना त्याचा फायदाच होता. पण ते गाडी अडवायला आले नव्हते.

ओबामांच्या कायद्याचा मसुदा चर्चेत असताना २००९ च्या उन्हाळ्यातल्या सभांमधली आरडाओरड त्याच जातीची होती. 'डेथ पॅनल' ही तर निव्वळ कंडी होती: शेवटच्या आजारात काय उपचार हवेत नकोत यावर डॉक्टरशी स्वेच्छेने बोलायचं असेल तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअरने द्यावेत, एवढंच त्या मसुद्यात होतं. पण कंडी पसरली ती ज्यांच्याकडे विमा होता त्यांच्यात. आहे ते जाईल ही भीती, नसलेलं मिळेल या आशेपेक्षा मोठ्याने ओरडते.

इथवर मी वाटणीबद्दल बोललो. ज्याची वाटणी होते ते बिल मुळात एवढं का, यावर भांडण फारसं होत नाही. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो; इथे उलटं आहे, आडच वर वर येतोय आणि सगळे पोहऱ्याच्या आकारावरून भांडतायत. २०२३ मध्ये अमेरिकेचा आरोग्यखर्च ४.९ लाख कोटी डॉलर होता, देशाच्या जीडीपीच्या १७.६ टक्के. कायद्याने विमा कंपनीला बंधन घातलं की वैयक्तिक हप्त्यातले किमान ८० टक्के उपचारांवर खर्च करा. चांगलं बंधन. पण उरलेल्या २० टक्क्यांतच माझा पगार, दलाली, नफा सगळं बसवायचं असेल, तर बिल मोठं झाल्याने माझं काय बिघडतं? २० टक्के मोठ्या रकमेचे मिळतात.

रँड संस्थेने २०२२ च्या बिलांचा अभ्यास केला. खासगी विम्याने रुग्णालयांना दिलेली रक्कम मेडिकेअरने त्याच सेवेला दिली असती त्याच्या सरासरी २५४ टक्के होती. हे दर कसे ठरतात ते मी जवळून पाहिलंय. एका कौंटीत एकच रुग्णालय होतं. तीन वर्षांचा करार संपत आला, त्यांनी मोठी वाढ मागितली. आम्ही नाही म्हणालो. त्यांनी रुग्णांना पत्रं पाठवली: अमुक तारखेनंतर तुमचा विमा इथे चालणार नाही. आमच्याशी नव्हे, आमच्या ग्राहकांशी बोलले ते. चौथ्या दिवशी तिथल्या कारखान्याच्या मालकाचा फोन आला की माझ्या कामगारांच्या बायका बाळंतपणाला दीड तास गाडी चालवत जाणार का? आम्ही वाढ दिली. माझ्या पुढच्या दराच्या अर्जात ती 'युनिट कॉस्ट ट्रेंड', म्हणजे सेवांच्या किमतीतली वाढ, नावाच्या एका ओळीत बसली. लोकांनी हप्ता पाहून सरकारला आणि आम्हाला शिव्या घातल्या. रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला गावाने टाळ्या वाजवल्या.

२०१० च्या कायद्याने इथे हात का घातला नाही? कारण मतं हवी होती. २००९ मध्ये रुग्णालयांच्या संघटनांनी दहा वर्षांत १५५ अब्ज आणि औषध कंपन्यांनी ८० अब्ज डॉलर सोडायची तयारी दाखवली आणि त्या बदल्यात कायद्याच्या आड आल्या नाहीत. मेरिलँडमध्ये १९७७ पासून राज्याचा आयोग रुग्णालयांचे दर सर्व विम्यांसाठी ठरवतो, तेव्हा हे अशक्य नाही. फक्त तसं करणाऱ्याला गावातल्या सर्वांत मोठ्या मालकाशी वैर घ्यावं लागतं, आणि बऱ्याच गावांत तो मालक म्हणजे रुग्णालयच.

शेवटी तुमचं स्वतःचं. तुम्ही लिहिलंय, 'मला यात काही घेणंदेणं नाही, माझा विमा कंपनी भरते.' कंपनी भरत नाही, तुम्हीच भरता. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर बंदी आली तेव्हा मालकांनी माणसं खेचायला विमा देऊ केला, आणि तो करमुक्त ठेवायची पद्धत १९५४ मध्ये कायद्यात पक्की झाली. कैसर संस्थेच्या दरवर्षीच्या पाहणीत नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २००० मध्ये ६,४३८ डॉलर होता, २०१० मध्ये १३,७७०, २०२० मध्ये २१,३४२ आणि २०२५ मध्ये २६,९९३. (या तक्त्यावरूनही भांडता येतं. 'कायद्यानंतर जवळपास दुप्पट' म्हणा, किंवा 'कायद्याआधीच्या दशकात ११४ टक्के, नंतरच्या दशकात ५५ टक्के' म्हणा.) २०२५ च्या आकड्यातले ६,८५० कामगाराच्या पगारातून कापलेले दिसतात. बाकीचे वीस हजार पगारात न आलेला पगार आहे, असंच बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात.

तो न दिसणं फार महत्त्वाचं आहे. व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये ठरवलं की विमा कंपन्या नकोत, सगळ्यांचा खर्च राज्य करेल. २०१४ च्या डिसेंबरात गव्हर्नर पीटर शुमलिन यांनी हिशेब मांडला: मालकांवर पगाराच्या साडेअकरा टक्के कर, शिवाय उत्पन्नावर साडेनऊ टक्क्यांपर्यंत. आकडे पाहून त्यांनी स्वतःच योजना गुंडाळली. त्यातले पुष्कळसे पैसे लोक आधीही देतच होते, फक्त ते कर नावाने दिसत नव्हते.

येत्या जानेवारीत तुमचा डब्ल्यू-२ फॉर्म, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा करासाठीचा दाखला, येईल. त्यात बारा क्रमांकाच्या चौकटीत 'डीडी' या खुणेसमोर एक रक्कम असेल. मालकाचा आणि तुमचा मिळून वर्षभराचा विमा किती पडला, ती ही रक्कम. तिच्यावर कर नसतो, म्हणून कोणी बघत नाही. मोठ्या कंपन्यांनी ती छापायला लागावं हेही त्याच २०१० च्या कायद्याने घडवलं. ती पाहून घ्या, त्या दोन सहकाऱ्यांनाही आपापली पाहायला सांगा, आणि मग जेवायला बसा.